प्रवरेचे गोटे

माझं माहेर नेवाशाचं. उन्हाळ्यात प्रवरेचं पाणी उतरलं की पात्रात वाळूच्या कडेनं गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. पाचखड्यांसाठी आम्ही पोरी तिथूनच खडे वेचायचो. पाण्यातून उचललेला एखादा गोटा उन्हाकडे धरला की आत मधासारखा रंग दिसायचा. कधी तांबूस, कधी त्यात केसाएवढ्या पांढऱ्या रेघा. फ्रॉकच्या घेरात भरून घरी आणेपर्यंत तो वाळायचा आणि मळकट, पांढुरका होऊन जायचा. मी तो घंगाळात टाकायचे, रंग परत यायचा. बाहेर काढला की पुन्हा गेला. हा खेळ मी दुपारभर करत बसायचे.

तो ओला रंग कायमचा ठेवता येतो, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. कारण अगदी साधं आहे. नदीतल्या गोट्याची कातडी खरबरीत असते. उजेड तिच्यावर पडून चहूकडे विखुरतो, म्हणून गोटा फिका दिसतो. पाणी त्या बारीक खाचा भरून काढतं तेवढ्यापुरता आतला रंग दिसतो. दगडाला झिलई आणायची म्हणजे त्या खाचाच नाहीशा करायच्या. गेली दोन वर्षं मी हेच करते आहे, आणि कसं केलं, कुठे चुकलं, ते सगळं लिहून ठेवावंसं वाटतं.

सुरुवात एका दुकानातून झाली. अजिंठ्याला जाताना रस्त्याच्या कडेला दगडांची दुकानं लागतात. अर्धे फोडलेले गोटे, आत चमचमणारे स्फटिक, हिरवट, गुलाबी, पांढऱ्या खड्यांच्या राशी. त्यातल्या एका दुकानातून मी मोरपिशी निळा, आतून पोकळ असा अकीकाचा, म्हणजे पदरापदरांच्या अ‍ॅगेट दगडाचा अर्धा गोटा घेतला. घरी आणून साबणाच्या कोमट पाण्यात टाकला तर तासाभरात पाणी निळं झालं. फार वाईट वाटलं. पैशांचं कमी, दगडाचं जास्त. मूळचा सुंदर करडा दगड होता तो, त्याला कशाला रंगवायचं? नंतर समजलं की अकीकात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यामुळे तो रंग पितो. इतका भडक निळा किंवा राणी रंग अकीकाला निसर्गात येत नाही. चिरांपाशी रंग जास्त गडद साचलेला दिसला तर समजावं की दगड रंगवलेला आहे.

पण दुकानांवर राग धरून चालणार नाही, कारण खरं शिक्षणही मला दुकानातच मिळालं. त्याच रस्त्यावर दुसऱ्या एका वयस्कर दुकानदारांनी माझ्या हातात एक ओबडधोबड, बटाट्यासारखा गोटा दिला. "ताई, याच्या मागं टॉर्च धरा," म्हणाले. मी मोबाईलचा टॉर्च धरला. कडेचा पातळ भाग नारिंगी उजळला आणि आत एकामागे एक पदर दिसले, कांद्याचे असतात तसे. "हा घ्या. वीस रुपये द्या. रंगवलेला घेऊ नका. आणि विकतच कशाला घेता? तुमच्या नगर जिल्ह्याच्या नद्यांत पडलेत की!"

प्रवरेचे गोटे डोळ्यांपुढे आले ते तेव्हा.

आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तो थंड होताना आतले वायूचे बुडबुडे तसेच अडकले. पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यानं सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य, आणून बसवली, एक पदर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. पोकळी पूर्ण भरली तर भरीव अकीक, मधेच राहिली तर आतल्या बाजूनं स्फटिकांची दाटी. काळा कातळ ऊन-पावसानं झिजून मातीत जातो, हा गोटा मात्र सहजी झिजत नाही, मोकळा होऊन नदीत येतो. नेवाशाच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात इथे उत्खनन केलं. याच पात्रातल्या थरांत सापडलेल्या मध्य पुराश्मयुगाच्या हत्यारांना पुरातत्त्वात 'नेवासियन' असं आमच्या गावाचंच नाव आहे. ती हत्यारं अकीक, जास्पर आणि कॅल्सेडनी या सिलिकेच्याच कठीण दगडांची. म्हणजे हे दगड निवडून, तोडून, धार काढून वापरणारे लोक आमच्याही कितीतरी आधी या वाळूत वाकून वेचत होते. शाळेत असताना हे कुणी सांगितलं असतं तर मी त्या खड्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. (उत्खननाच्या टेकाडावरून मात्र खडासुद्धा उचलू नये. मी फक्त पात्रातले, पाण्यानं घासलेले गोटे घेते, तेही एका वेळी पिशवीभरच.)

आता यंत्र. दगड घासायच्या यंत्राला टंबलर म्हणतात. परदेशातून मागवलेला मला परवडणारा नव्हता. एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींना मी वहीत काढलेलं चित्र दाखवलं. दोन लोखंडी रूळ, त्यांवर रबरी पाइप चढवलेला, एक रूळ पट्ट्यानं मोटरला जोडलेला, आणि रुळांवर आडवी पडून फिरणारी बरणी. मिस्त्रींनी विचारलं, "यात करायचं काय?" मी म्हटलं, "दगड घासायचे." ते थोडं थांबून म्हणाले, "मग बरणीला आतून ट्यूब लावू. नाहीतर आवाजानं शेजारी उठून येतील." सहा इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला त्यांनी आतून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं अस्तर लावलं. मोटरचा वेग जमवायला तीन खेपा झाल्या. बरणी जोरात फिरली तर दगड वर जाऊन आदळतात आणि त्यांना चंद्रकोरीसारखे टवके पडतात. फार हळू फिरली तर ते नुसते तळाला सरकत राहतात. शेवटी मिनिटाला चाळीसेक फेऱ्यांवर ते जमलं. कान देऊन ऐकलं की कळतं. दगड एकमेकांवरून ओघळत असले की आवाज सलग येतो, ओढ्यासारखा. ठक्‌ठक्‌ असा आला तर काहीतरी बिघडलंय.

पहिली बरणी मी पूर्ण वाया घालवली. हे सविस्तर सांगते, कारण नवीन माणूस हमखास इथेच चुकतो.

प्रवरेतले गोटे मी धुतले, त्यात अजिंठ्याहून आणलेले दोन गुलाबी खडे टाकले आणि एका खाणीजवळ उचललेले चार-पाच पांढरे तुकडेही टाकले. बरणी दोन-तृतीयांश भरली, दगडांच्या वरच्या थराखाली येईल इतकं पाणी घातलं, कार्बोरंडमची, म्हणजे घासायला वापरतात त्या अतिकठीण पदार्थाची, सर्वांत जाड पूड, ६०-९० नंबरची (नंबर वाढेल तशी पूड बारीक), मोठे चार चमचे टाकली आणि चालू केलं. आठ दिवसांनी उघडलं तर आत राखाडी रबडी. हात घालून चाचपलं. गुलाबी खडे नव्हतेच. पांढऱ्या तुकड्यांपैकी एक वाटाण्याएवढा उरला होता. आणि गोटे जसेच्या तसे, फक्त कोपरे किंचित मऊ झालेले.

गुलाबी खडे स्टिल्बाइटचे होते, पांढरे तुकडे कॅल्साइटचे. दोन्ही मऊ खनिजं. खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली कठीणपणाची मोजपट्टी १ ते १० अशी आहे. तिच्यावर कॅल्साइट ३, स्टिल्बाइट साडेतीन-चारच्या आसपास आणि अकीक साडेसहा ते सात. गव्हात खडे घालून दळले तर गव्हाचं जे होईल तेच माझ्या मऊ दगडांचं झालं, आणि त्यांच्या पिठानं रबडी घट्ट होऊन अकीकालाही नीट घासू दिलं नाही. आता मी प्रत्येक दगडावर पोलादी सुरीचं टोक ओढून बघते. ओरखडा उठला तर तो बरणीत जात नाही. कॅल्साइट ओळखायला लिंबाचा रस पुरतो. ओरखड्यावर थेंब टाकून भिंगातून बघितलं की बारीक बुडबुडे दिसतात.

त्या स्टिल्बाइटबद्दल मला आजही वाटतं की ते घासायचेच नव्हते. नंतर मी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलं. आपल्याच कातळाच्या पोकळ्यांतून निघालेले अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट अशा खनिजांचे स्फटिक तिथे काचेत मांडलेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं गर्द निळं कॅव्हन्साइट पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेलं पाहिलं तेव्हा मी त्या कपाटापुढून हलेना. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट या तिघांच्या इंग्रजी नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून त्याचं नाव झालंय. त्या निळ्याला कुणी रंग लावलेला नाही. ज्या दगडाला निसर्गानंच सपाट, आरशासारखे पैलू दिलेत त्याला माणसानं हात लावू नये. खडीसाठी सुरुंग लागतात तेव्हा हे स्फटिक किती चुरा होऊन रस्त्यांखाली गेले असतील याचा विचार आला की जीव कळवळतो. जे वाचले ते खाणीवरच्या कामगारांनी वेळेवर हात घालून बाजूला काढले म्हणून.

दुसऱ्या बरणीत फक्त अकीक आणि जास्पर घातले. चार टप्पे असतात. पहिला जाड पुडीचा. हा मी आता दोन-तीन आठवडे चालवते, दर आठवड्याला पूड बदलून. मग १२०-२२० नंबरची पूड, एक आठवडा. मग ५००, पुन्हा एक आठवडा. शेवटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पांढरी, मैद्यासारखी पूड, आणखी एक आठवडा. दगडाला आकार जो काय यायचा तो पहिल्याच टप्प्यात येतो. पुढचे तीन टप्पे केवळ आधीच्या टप्प्यानं पाडलेले ओरखडे पुसतात. म्हणून पहिल्यात घाई केली तर ती शेवटपर्यंत दिसते. मला सगळ्यात जड गेलं ते हेच. आठव्या दिवशी गोटे हातात घेतले की वाटतं झालं की, गुळगुळीत लागतायत. भिंग लावलं की खड्डे दिसतात. परत आत.

आणि धुणं! टप्पा बदलताना बरणी, झाकण, दगड, हात, सगळं धुवायचं. जाड पुडीचा एक कण जरी एखाद्या गोट्याच्या भोकात लपून राहिला तर तो शेवटच्या टप्प्यात बाहेर येतो आणि सगळ्यांवर रेघा मारतो. माझ्या दुसऱ्या बरणीचं तेच झालं. पाच आठवड्यांनी गोटे काढले तर चमक आलेली, पण तिरप्या उजेडात सगळीकडे केसासारखे ओरखडे. एका जास्परला खोल भोक होतं, त्यातून सुईनं करडे कण निघाले. आता भोकाचे दगड मी पहिल्या टप्प्यानंतर वेगळे काढते, बाकीचे जुन्या टूथब्रशनं एकेक घासते आणि साबणाच्या पाण्यात पाच-सहा तास नुसतेच फिरवून घेते. आई बघून म्हणाली, "बाळंतिणीच्या पोराला न्हाऊ घालावं तसं चाललंय तुझं." मला ते आवडलं.

ती रबडी मोरीत ओतू नका. मी पहिल्यांदा ओतली. दगडाचं पीठ आणि कार्बोरंडम पाइपच्या वळणात बसून सिमेंटसारखं घट्ट झालं, प्लंबरला पाइप कापावा लागला. आता मी ती बादलीत ठेवते. दोन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं पाणी निथळून घ्यायचं, खालची ढेप वाळवून कागदात गुंडाळून टाकायची. बरणीत कधी कधी वायूही साठतो आणि झाकण फुगतं, म्हणून दिवसाआड झाकण सैल करून पुन्हा लावते.

मधे एकदा गुजरातेत खंबायतला जाऊन आले. अकीकाच्या कामाचं आपल्याकडचं सगळ्यात जुनं जितंजागतं गाव ते. रतनपूर भागातल्या खाणींतून दगड येतो, उन्हात वाळवतात, मग मडक्यांत भरून गोवऱ्यांच्या आचेवर तापवतात. दगडातलं लोह तापून लाल होतं आणि पिवळट, मळकट खडा तांबडा होतो. मग लोखंडी अणीवर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं टवके काढत त्याला आकार देतात. ते मी जवळून पाहिलं. शिंगाची हातोडी मऊ, म्हणून दगड फुटत नाही, हवा तेवढाच टवका उडतो. कारागिराच्या पायाशी टवक्यांचा ढीग होता आणि त्यांचं लक्ष दगडावर नव्हतंच, आवाजावर होतं. पूर्वी खडे चामड्याच्या पिशवीत पाणी आणि पूड घालून भरायचे आणि दोन माणसं समोरासमोर बसून ती पिशवी पंधरा-पंधरा दिवस इकडून तिकडे लोटायची. माझी बरणी म्हणजे तीच पिशवी, मोटर लावलेली.

पण तिथलं दुसरं वास्तवही सांगायलाच हवं. कोरड्या घासण्यातून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांत बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. खंबायतच्या अनेक कारागिरांच्या घरांत हा आजार आहे. दुकानात वीस-पन्नास रुपयांना मिळणाऱ्या झिलईदार खड्यामागे कुणाचा तरी श्वास असू शकतो, हे मी तिथून आल्यापासून विसरू शकलेले नाही. घरी मी एकही दगड कोरडा घासत नाही, कोरडा फोडत नाही. पूड काढताना मास्क लावते आणि सांडलेली ओल्या फडक्यानंच पुसते. ज्यांना ही आवड लागेल त्यांनी एवढं तरी पाळावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चौथ्या बरणीत त्या वयस्कर दुकानदारांनी दिलेला गोटा होता. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता, हात बसेपर्यंत. पहिल्या आठवड्यानंतर त्याची चुनखडीसारखी साल गेली आणि एका बाजूला पदरांची टोकं दिसायला लागली. दुसऱ्या आठवड्यानंतर ते पदर गोल फिरून एकमेकांना मिळतायत असं दिसलं, गावाच्या नकाशावर डोंगराच्या रेषा असतात तसे. ५०० नंबरच्या पुडीतून निघाला तेव्हा तो हाताला साबणाच्या वडीसारखा लागत होता, पण वाळला की अजून धुरकट. शेवटचा आठवडा मला फार मोठा गेला. मधेच सहा तास वीज गेली, तेव्हा मी बरणी मांडीवर घेऊन हातानं फिरवत बसले, गाळ खाली बसून घट्ट होऊ नये म्हणून.

रविवारी सकाळी उघडलं. पांढरी रबडी धुतली, गोटा पंचानं पुसला आणि खिडकीत ठेवून चहा करायला गेले. पूर्ण वाळू द्यायचा होता, कारण ओला दगड खोटं बोलतो. परत आले, उचलला. कोरडा खडखडीत होता आणि रंग तोच, मधाचा, घंगाळातला. झिलई झाली का हे बघायची एक रीत आहे. दगडावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहायचं. कडा पसरट दिसली तर अजून बाकी आहे. माझ्या गोट्यावर ट्यूबलाइट सुरीच्या पात्यासारखी उमटली होती. तिच्या खाली पदर होते, सतरा मोजले, आणि मध्ये मोहरीएवढ्या पोकळीत स्फटिकांची चमक. त्या पोकळीला पुडीनं हात लावलेला नव्हता. मी आईला हाक मारली आणि मला पुढे बोलताच येईना.

आईनं गोटा हातात घेतला, फिरवला आणि काही न बोलता आतल्या खोलीत गेली. येताना आबांचा, माझ्या आजोबांचा बटवा घेऊन आली. त्यात त्यांची चकमक असायची. पोलादाचा वाकवलेला तुकडा कधीच हरवला, सावरीच्या कापसाची डबी रिकामी होती, पण गारगोटी होती. सुपारीच्या खांडाएवढी, तपकिरी. "ही पण घाल तुझ्या यंत्रात," आई म्हणाली. "अशीच छान होईल."

मी ती धुतली आणि भिंगाखाली धरली. एक कड पूर्ण ठेचलेली होती. एकावर एक, एकाच दिशेनं पडलेले बारीक टवके, शेकडो. आबा उजव्या हातानं पोलाद खाली ओढायचे, त्याच दिशेनं. जाड पुडीत ते पहिल्या दोन दिवसांत पुसले गेले असते.

आठवडाभरानं आईनं विचारलं, "घातलीस का गं?"

"नाही."

रात्री जेवणं झाल्यावर मी दिवा बंद केला, जुनी कानस घेतली आणि आबांच्या गारगोटीच्या त्या कडेवर खाली ओढली. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा ठिणगी पडली, पिवळी, आईच्या पदरापर्यंत जाऊन विझली. "अजून एकदा," आई अंधारातून म्हणाली.